पाय धुवायला पाणी

गेणूच्या पायांकडं नसीरचं लक्ष गेलं आणि हातातली दौत त्यानं जरा जास्तच जपून टेबलावर ठेवली. भाताची लावणी करून आलेल्या माणसाचे पाय लपत नाहीत. ते पांढरे फटफटीत पडतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, आणि नखांच्या कडेला जी काळी रेघ बसते ती पोळ्यापर्यंत काही निघत नाही. गेणूच्या पायांवर वाटेचा तांबडा शिंतोडा तेवढा होता. ऐन आषाढातला बुधवार, तिकडं आंदर मावळात घरटी माणसं कमरेत वाकलेली, आणि तीन दिवसांसाठी धाडलेला हा गडी दुसऱ्याच सकाळी कुरवंड्याच्या वाटेवरच्या खडीच्या खाणीवर, कचेरीच्या दारात हजर. खांद्यावर इरलं आणि पाय हे असे. 'का रे, आलास?' नसीरनं विचारलं. उत्तर काय येणार हे त्याला विचारतानाच कळलं होतं, पण हजेरीमास्तर म्हणून अकरा वर्षं काढलेल्या माणसाला विचारल्यावाचून राहवत नाही.

'कोंडाजीआबांनी खाचरात उतरूच दिलं न्हाई,' गेणू म्हणाला. 'म्या म्हनलं, नसीरभाऊंनी धाडलंय, त्यांच्या बदली. तर म्हनले, बरं केलं. घरच्या धोंडाबाईंना हाळी दिली, पाव्हनं आल्यात, पाय धुवायला पानी आना. मंग बांधावर घोंगडं टाकलं. दुपारी तांदळाची भाकर, वर अंडं. समदी मानसं चिखलात, आन म्या एकलाच कोरडा बसून खातूय. मला लय वंगाळ वाटलं, भाऊ.' आणि निरोप काय दिला, असं नसीरनं विचारलं तेव्हा गेणू इरल्याची दोरी उगाच सोडबांध करत राहिला. 'म्हनले, नसीरला सांग, तुजं मानूस पोचलं. आता फिटलं समदं.' मग तो खाणीकडं उतरून गेला. खाली रुळाच्या टांगलेल्या तुकड्यावर हातोडा पडला, आठ वाजले, आणि नसीरनं नावं पुकारायला सुरुवात केली. बेचाळीस नावांना कुणी ओ दिली नाही. ते बेचाळीस जण तिकडं चिखलात होते, जिथं त्यानं असायला हवं होतं.

आता परक्या माणसाला यात एवढं काय आकाश कोसळलं ते कळायचं नाही. सावड ही काही मोठी शास्त्राची गोष्ट नाही. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, भाकरी ज्याची लावणी त्याची. नियम एकच, आणि तो कुणी कधी तोंडानं सांगितलेला नाही: ज्याची पाळी त्यानं स्वतः यायचं. अंथरुणाला खिळला असेल तर घरातलं कुणी येईल, भाऊ येईल, बायको येईल लेकरू पाठीशी बांधून. पण रोजानं लावलेला गडी धाडायचा नाही. धाडलाच, तर तुमचं आमचं संपलं असं तुम्हीच सांगितलंत. मग समोरचा भांडत बसत नाही. तो त्या गड्याला पाय धुवायला पाणी देतो, पाव्हण्यासारखा जेवू घालतो, आणि विषय मिटवतो. चिखलात परत उतरायचं असलेल्या माणसाला कुणी पाय धुवायला पाणी देत नाही, एवढं साधं आहे ते. आणि हे नसीरला माहीत नव्हतं असंही नाही. नूरमहंमदच्या पोटी जन्मलेल्या, त्याच चिखलात चालायला शिकलेल्या पोराला ते माहीत नसेल तर कुणाला असेल? तरी त्यानं ते केलं. का केलं, तर अकरा वर्षं रोज सकाळी त्यानं हेच केलं होतं. मारुती तापानं पडला, महिपतीला त्याच्या जागी उभा कर. महिपती लग्नाला गेला, दुसरा कुणी उभा कर. घण चालला पाहिजे, खडी पडली पाहिजे, हात कुणाचा का असेना. बदली हा शब्द त्याच्या तोंडात असा बसला होता की यंदा साहेबांनी रजा नाही म्हटल्यावर त्याला क्षणभरही अडखळायला झालं नाही. उलट तो मनातून खूश होता. आपण पडलो कचेरीतले, चार घटका वाकलो की पाठ धरते. गेणू तरणाबांड, दोन माणसांचं काम ओढील. कोंडाजीआबांचा फायदाच झाला, असं त्यानं बायकोला, खतीजाला, बोलूनही दाखवलं होतं. शहाणा माणूस खड्ड्यात पडतो तो असा, छाती पुढं काढून.

आणि तेही कुणाच्या बाबतीत, तर कोंडाजीआबांच्या. आठ वर्षांमागं असाच आषाढ होता आणि नसीरचा बाप दोन दिवसांच्या तापात गेला. डाक्टर वडगावला, आणि मधली नदी दुथडी भरलेली. आवणातली रोपं उपटून मुठी बांधून झालेल्या, खाचरात चिखल करून ठेवलेला, आणि घरात मयत. नसीर अंगणात बसून होता, त्याला काही सुचत नव्हतं. कबर खणायला पहिली कुदळ आबांनी मारली. माती देऊन माणसं परतली तेव्हा दुपार कलली होती, आणि आबा घरी न जाता तसेच नूरमहंमदच्या खाचरात उतरले. मागनं एकेक करून अठरा माणसं उतरली. कुणी कुणाला बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी कंदील लागायच्या आत सगळी लावणी झाली होती. नसीरची आई अकबरी दाराच्या चौकटीला टेकून ते बघत होती आणि तोपर्यंत न रडलेली ती बाई तेव्हा रडली. त्या दोन दिवसांत नसीर आबांच्या शेजारी उभा राहून लावत होता. आबा बोलले ते एवढंच, 'मूठ सैल धर, काडी मोडती.' नंतर सात पावसाळे तो लावणीला रजा काढून न चुकता गेला, त्याच जागी, आबांच्या डाव्या हाताला. ते आठ वर्षांचं सगळं काल एका भाकरीवर आणि अंड्यावर फिटलं होतं.

दहाच्या सुमाराला खासनीस साहेबांनी आत बोलावलं. खासनीस साहेब माणूस वाईट नव्हता, हीच खरी अडचण. वाईट असता तर नसीरला त्याला मनातल्या मनात चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पुण्याचा, शिकलेला, खादीची टोपी घालणारा. नोकराला अहोजाहो करायचा, आणि खाणीवर पाळणाघर काढावं म्हणून मुंबईच्या मालकांना स्वतः पत्रं लिहायचा. त्याच्या टेबलावर जाडजूड पुस्तकं असत, आणि देश गरीब का आहे हा प्रश्न त्याला खरोखरच झोपू देत नसे. कागदावर तांबड्या पेन्सिलीची रेघ होती. गैरहजेरीचं कारण या रकान्यात नसीरनं बेचाळीस वेळा एकच शब्द लिहिला होता. 'सावड म्हणजे काय ते मुंबईत कुणाला कळणार?' साहेब म्हणाले. 'आळस लिहा. स्पष्ट लिहा.' नसीर म्हणाला, 'आळस नाही साहेब. इथल्यापेक्षा तिथं जास्त राबतात.' साहेबांनी चष्मा काढला. 'नसीर, बसा. जपान बघा. जमीन आपल्यापेक्षा थोडी, लोखंड नाही, वरचेवर भूकंप. तरी त्यांचं कापड आपल्या बाजारात येऊन पडतं. का? राष्ट्राची संपत्ती जमिनीत नसते, लोकांच्या सवयीत असते. तिथला मजूर घंटा झाली की उभा राहतो. आपला मजूर आषाढ आला की पळून जातो. मग दारिद्र्य इंग्रजांच्या माथी मारून मोकळं होता येईल का?' नसीर ऐकत राहिला. त्याला यातलं अर्धं पटायचं, आणि ते अर्धंच त्याला छळायचं. अठरा माणसं वाकून लावतात, अठरा माणसं वाकून कापतात, आणि शिमगा आला की त्याच अठरा घरांत नाचणीची आंबील. आंबेमोहोराचा वास घरात असतो तो व्यापाऱ्याची गाडी येईपर्यंत. सावडीनं कुणाच्या घरावर कौलं चढल्याचं त्यानं पाहिलं नव्हतं. बाप तापानं गेला तेव्हा अठरा माणसं होती, डाक्टर नव्हता. पण त्याच सावडीनं कुणाचं खाचर पडीकही राहू दिलं नव्हतं, आणि हे कुठल्या रकान्यात मांडायचं ते काही त्याला सुचत नव्हतं. 'बरं, आळस नाही ना?' साहेब शेवटी म्हणाले. 'मग काय आहे ते एक पानभर समजावून लिहा. तुम्ही त्यांच्यातले आहात, तुमच्याइतकं कोण सांगणार?'

त्यांच्यातले. नसीर आपल्या टेबलाशी येऊन बसला. बाहेर झड लागली होती, पत्र्यावर एकसारखा आवाज चालला होता, आणि त्याच्या डोळ्यांपुढून गेणूचे पाय जात नव्हते. मग तो जो लिहायला लागला तो थांबेचना. साहेबासाठी लिहितोय हे तो विसरलाच. आळशी म्हणतोस काय, थांब, तुला सांगतो, अशा हट्टानं त्यानं सगळं लिहिलं. पाळी कशी ठरते, विधवेचं खाचर पहिल्यांदा कसं लावतात, जिच्या घरात बाळंतीण आहे तिला बांधावरच मुठी पुरवायचं काम कसं देतात. ज्याची पाळी त्यानं स्वतः यायचं आणि रोजाचा माणूस चालत नाही, हेही लिहिलं. बापाचं लिहिलं, नाव न घालता. आबांनी मूठ सैल धर म्हटलेलं लिहिलं. पान भरलं, दुसरं घेतलं. लिहिताना त्याला वाटलं, आपण आबांच्या पुढ्यात उभे राहून बोलतोय, आणि आबा ऐकतायत. इतकं चांगलं त्यानं जन्मात कधी लिहिलं नव्हतं.

साहेबांनी दोन्ही पानं उभ्या उभ्या वाचली. मग बसून पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा उजळत गेला तसं नसीरलाही हलकं वाटलं. पटलं म्हणायचं साहेबांना. 'वा,' साहेब म्हणाले. 'वा, नसीर. मी चार वर्षं जे शोधतोय ते तुम्ही दोन पानांत दिलंत.' त्यांनी एका ओळीखाली रेघ ओढली. 'ज्याची पाळी त्यानं स्वतः यायचं, रोजाचा माणूस चालत नाही. अहो, यातच सगळं आलं. जिथं एका माणसाच्या जागी दुसरा माणूस चालत नाही, तिथं कारखाना उभा कसा राहणार? मी आळस समजत होतो. आळस असता तर शिस्तीनं घालवता आला असता. हे फार खोल आहे, हे संस्कृतीतलं आहे. यांचा दोष नाही, पण यांच्याकडून काम होणार नाही.' नसीर म्हणाला, 'साहेब, मला तसं म्हणायचं नव्हतं.' साहेब समजूतदारपणे हसले. 'तुम्ही खरं तेच लिहिलंत. अर्थ काढायचं काम आमचं.' दसऱ्यापासून सोलापूरकडची दुष्काळी माणसं आणायची, मावळातली नावं कमी करायची, असं मालकांच्या मनात होतंच; त्यांना कारण हवं होतं, ते मिळालं. साहेबांनी खण उघडला आणि पितळी किल्ली टेबलावर ठेवली. नव्या चाळीतली टोकाची खोली. दारात नळ. 'तुम्ही आजपासून कायम. आणि उद्या तुमच्या शेतावर जायचं म्हणत होता ना, जा. तुमच्या नावापुढं कारण लिहायची आता गरज नाही.' नसीरनं किल्ली उचलली. ती उचलू नये असं त्याला वाटलं, पण वाटेपर्यंत ती हातात आली होती.

खतीजाला काय सांगायचं याचा विचार करत तो घरी गेला, उद्याची रजा मिळाली एवढं सांगितलं, आणि किल्ली बघून तिनं पुढचं काही सांगूच दिलं नाही. लग्न झाल्यापासून ती बाई ओढ्यावरून चढण चढून पाणी आणत होती. डाव्या खांद्याला घट्टा पडला होता, आणि दोन वर्षांमागं अशाच एका खेपेला पाय घसरून पोटातलं गेलं होतं. त्याबद्दल ती कधी बोलत नसे. चाळीत जाऊन तिनं नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. धारेखाली नुसता हात धरून उभी राहिली. 'अवो,' ती म्हणाली, 'उद्या जाताय तर अम्मांना हितंच घिऊन या. म्हातारपनी कशाला चिखलात वाकायचं त्यांनी? खाचर द्या कुनाला वाट्यानं.' तिचं काय चुकलं? काहीच नाही. नसीरला तिचा राग आला नाही, नळाचाही आला नाही. साहेबाचं खोटं नव्हतं, आबांचं खोटं नव्हतं, खतीजाचं तर नव्हतंच. सगळी माणसं आपापल्या जागी खरी, आणि मध्ये हा एकटा अडकलेला, पुढं जायला वाट नाही आणि मागची बंद. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात, पण तिथं निदान माणूस मधल्या जमिनीवर उभा असतो. नसीरला पायाखाली तेवढीही जागा लागेना. 'गेणू का आला माघारी?' खतीजानं विचारलं. 'काम लवकर झालं म्हणे,' तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो वडगावला उतरला आणि चालायला लागला. त्या दिवशी त्याच्याच खाचराची पाळी होती. आबांच्या नंतर नूरमहंमदचं, हा क्रम बापाच्या वेळेपासून ठरलेला. पण फिटलं म्हटल्यावर कसली पाळी आणि कोण येतंय? चार कोसांच्या वाटेत त्यानं सगळं मनाशी ठरवून टाकलं. खाचर रिकामं असेल. आई एकटीच बांधावर मुठी घेऊन बसली असेल. आपण मुकाट्यानं उतरायचं, दोघांनी मिळून लावायचं, आठ दिवस लागोत नाहीतर दहा. पाठ मोडली तर मोडू दे. चिखल्या होऊ देत, नखं काळी होऊ देत. गाव मग काय ते बघून घेईल. असं ठरवल्यावर त्याला बरं वाटायला लागलं होतं. रिकाम्या खाचराची त्याला आसच लागली म्हणा ना. शिक्षा झाली की माणूस सुटतो, अशी त्याची भाबडी समजूत होती.

शेवटचा चढ ओलांडला आणि खाचर दिसलं. ते भरलेलं होतं. इरल्यांच्या पाठी ओळीनं वाकलेल्या होत्या, एक, दोन, दहा, अठरा. बायकांचं गाणं चाललं होतं. निम्मं खाचर हिरवं झालं होतं. मधोमध आबा, सत्तरीला आलेले, गुडघाभर चिखलात. आणि त्यांच्या डाव्या हाताला, नसीरच्या जागी, त्यांची सून रतनबाई. नसीरच्या छातीत काहीतरी सुटलं. आले, सगळे आले, म्हणजे तुटलं नाही. डोळ्यांत आलेलं पाणी पावसात मिसळून गेलं. त्यानं धोतर वर खोचलं, चपला बांधावर काढल्या आणि ओळीच्या टोकाला जाऊन एक पाय खाली टाकला. गाणं थांबलं नाही, पण आबा सरळ झाले. कमरेवर हात ठेवून चिखलातून हळूहळू त्याच्याकडं आले, आणि त्यांनी त्याचा दंड धरला. धरणं मायेचं होतं.

'वर ये,' आबा म्हणाले. 'कापडं खराब व्हतील.'

'आबा, चुकलो मी.'

'कशाचं चुकला? मानूस धाडलंस, पोचलं. तुमचं काम असतंय तितं, आमाला का कळत न्हाई? तुजं तुज्या जागी बरूबर हाय.'

'मग हे का आलात?' नसीरनं खाचराकडं हात केला.

आबांना प्रश्नाचंच नवल वाटलं. 'अकबरी आलीय की समद्यांच्या खाचरात. येक दीस चुकली न्हाई. तिची सावड हाय ही.'

नसीरला मग राहवलं नाही. त्यानं सांगून टाकलं. दसऱ्यापासून खाणीवर मावळातल्या माणसांना काम नाही. साहेबांनी विचारलं आणि आपण लिहून दिलं, दोन पानं. आबांनी विचारलं, 'काय लिव्हलंस?' 'सावड काय असते ते.' 'खरं लिव्हलंस?' 'खरं तेच लिहिलं, आबा. सगळं खरं.' आबांनी खाचराकडं बघितलं. तिथं वाकलेल्या अठरांपैकी सहा जणांची घरं निम्मं वर्ष खाणीवर चालत होती. ते आबांना ठाऊक होतं आणि नसीरला त्याहून जास्त. ते आता चिडतील, शिवी देतील, कानाखाली मारतील, असं नसीरला वाटलं. मारावी असं त्याला फार वाटत होतं. आपल्या माणसालाच माणूस मारतो. 'खरं लिव्हलंस तर तुजा काय गुन्हा,' आबा म्हणाले. 'बस तितं घोंगड्यावर. चालून आलायस.' आणि ते माघारी वळले, रतनबाईच्या उजव्या हाताला जाऊन वाकले, आणि ओळ मागं सरकायला लागली. ओळीत हातभर अंतरावर माणूस होतं. कुठं फट नव्हती.

घोंगडं खरंच टाकलेलं होतं. तो येणार म्हणून सकाळीच टाकलं होतं की काय कोण जाणे. नसीर बांधावर उभा राहिला. खिशातली किल्ली मांडीला टोचत होती. एवढ्यात ओळीतून एक इरलं उठलं आणि बांधाकडं यायला लागलं. त्याची आई होती. ती आता भांडेल, विचारेल, हाताला धरून खाली ओढील, मग काय व्हायचं ते होवो, असं वाटून तो दोन पावलं पुढं झाला. अकबरी बांधावर चढली. तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत काळे होते, बोटं पाण्यानं पांढरी पडली होती. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, पदरानं त्याचं भिजलेलं कपाळ पुसलं, लहानपणी पुसायची तसंच. मग ती झाडाखाली ठेवलेल्या घागरीशी गेली, तांब्या भरून घेऊन आली आणि दोन्ही हातांनी धरून त्याच्यापुढं उभी राहिली.

'पाय धू, बाबा,' ती म्हणाली. 'लांबनं आलायस.'

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. पाव्हण्याला म्हणतात तसं ती म्हणाली होती. नसीरनं तांब्याकडं बघितलं, ओळीकडं बघितलं. तिथून कुणी वर पाहत नव्हतं. तांब्यातलं पाणी काठावरून सांडत होतं, आणि आईला लवकर परत खाली जायचं होतं, तिच्या जागी ओळ अडली होती. त्यानं खाली वाकून पाय धुतले. एक पाय चिखलात टाकला होता तो नीट चोळून धुतला, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून, आई पाणी घालत होती तोवर. मग तो घोंगड्यावर जाऊन बसला.